अकरा फ्रेममध्ये राजूर घाट

माणसाने सासऱ्यासमोर बढाई मारू नये. मारायचीच झाली, तर ज्या विषयातलं आपल्याला कळतं त्याच विषयात मारावी. माझी अडचण अशी, की मला ज्यातलं कळतं तो विषय म्हणजे आवक-जावक नोंदवही, आणि आवक-जावकवर कुणी बढाई मारलेली मी आजवर ऐकलेली नाही.

मी प्रेमानंद. मोताळ्यात राहतो आणि एका निमसरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, उगाच कुणीतरी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. गेली अठरा वर्षं मी वरिष्ठच आहे. माझ्यामागून आलेले पुढे गेले, त्यांच्यामागून आलेलेही गेले. माझ्या बढतीची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे मला माहीत आहे, कारण जावक क्रमांक मीच टाकला होता.

माझे सासरे शंकरराव एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. तेहेतीस वर्षं गाडी चालवली आणि साधा ओरखडा नाही. मला बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी चालोता येते?" मी म्हणालो, "सायकल येते." त्यांनी दाराबाहेरच्या माझ्या सायकलकडे बघितलं. मग त्यांनी पोहे संपवले आणि लग्न ठरलं, पण तो प्रश्न काही संपला नाही. आजही मी रिक्षात मागे बसलेला त्यांना दिसलो, की ते रिक्षावाल्याची विचारपूस करतात.

मे महिन्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. मोतीबिंदू निघाला, नजर बरी झाली, पण गुडघ्यांनी साथ सोडली आणि लायसन काही नवं होऊन मिळालं नाही. आर.टी.ओ.तल्या साहेबांनी वय बघितलं, चाल बघितली आणि कागद परत केला. शंकरराव भांडले नाहीत, हेच सिंधूला, म्हणजे माझ्या बायकोला, खटकलं. जो माणूस चहात साखर कमी पडली तरी डेपो मॅनेजरला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा, तो व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत गप्प बसू लागला. त्यातच थंडीत त्यांचा जुना कंडक्टर बद्रुद्दीन देऊळगाव राजाला वारला होता. एकोणीस वर्षं दोघं एका गाडीवर होते. त्या विषयावर शंकरराव एक शब्द बोलले नव्हते.

एक दिवस दुपारी सिंधूने मला हाताने खुणावून दारात आणलं. शंकरराव पाठमोरे बसले होते. समोरून मलकापूरची गाडी गेली. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून हळूच पुढे सरकला, मग मागे आला. गाडी चढाला लागली तसा दुसरा गिअर पडला होता.

"येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी बाबाले पंचाहत्तर पूर्ण होते," सिंधू म्हणाली, "अन् सोमवारी दादा येऊन संग्रामपूरले घेऊन जाईन. मले वाटते, एकदा त्याइच्या हातात गाडी पाह्यजे होती हो."

आणि मी बोलून गेलो. "घाट चढवून देतो. राजूर घाट. याच घरात."

मी एवढ्या मोठ्याने बोललो होतो की शंकररावांनी मान वळवली. "कोन, जावईबुवा?" त्यांनी विचारलं. बास, तेवढंच.

माझ्या डोक्यात योजना होती. आमची मनाली नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली होती. त्यावर बस चालवायचा एक गेम होता, आणि त्या गेमसाठी बुलढाण्याच्याच कुणा भल्या माणसाने हौसेने मोताळा ते बुलढाणा असा रस्ता तयार करून फुकट ठेवला होता. लाल गाडी, राजूर गावचा थांबा, घाटातली वळणं, सगळं होतं. बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मुबीनाने एक खेळायचं स्टेअरिंगही, गिअरच्या दांड्यासकट, वापरायला दिलं. मी ते सिंधूच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलं. पायातले ब्रेक-क्लच फरशीवरून सरकायचे, म्हणून शेजारच्या भाऊरावांनी दोन विटा आणून मागे लावल्या. विटा लावल्यामुळे भाऊराव या प्रकल्पाचे भागीदार झाले, आणि ते मला पुढे फार महाग पडलं.

पहिल्या चाचणीला शंकरराव आले. स्टेअरिंगला हात लावून म्हणाले, "हे स्टेरिंग हाय का पोळपाट?" तरी बसले. गाडी निघाली, म्हणजे निघण्याचा विचार करू लागली. मनालीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, दहा वर्षांपूर्वीचं. चांगल्या कॉम्प्युटरवर पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं येतात म्हणून गाडी पळाल्यासारखी दिसते. या चित्रांना फ्रेम म्हणतात. आमच्याकडे अकरा येत होत्या. शंकररावांनी डावीकडे वळवलं. गाडीने ते ऐकून घेतलं, त्यावर चिंतन केलं आणि वळण संपल्यावर डावीकडे वळून सरळ कपाशीच्या शेतात गेली.

तेहेतीस वर्षांत पहिला अपघात झाला, तो माझ्या घरात.

शंकरराव शांतपणे उठले. "जावईबुवा, हे गाडी नोय," ते म्हणाले, "हे तुमच्या हापिसातली फाईल हाय. आज ढकलली का परवा हालते." आणि व्हरांड्यात जाऊन बसले. सिंधू हसली नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी मनालीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, अपस्केलर टाका ना." जणू घरात डब्यातच होता. मग तिने समजावून सांगितलं. जुन्या कार्डाला मोठं चित्र काढायला दम लागतो. म्हणून त्याला लहान चित्र काढू द्यायचं आणि एका छोट्या प्रोग्रामने ते ताणून मोठं करायचं, मधल्या गाळलेल्या जागा अंदाजाने भरायच्या. आणखी एक सोय असते, दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घुसडायची, म्हणजे अकराचे बावीस दिसतात. मी म्हणालो, "हे तर मला येतं." एकोणतीस वर्षं मार्चअखेरचे अहवाल दुसरं कसे भरतात? जानेवारीचा आकडा असतो, मार्चचा आकडा असतो, फेब्रुवारी आपला आपण काढायचा.

पण गेमच्या आत जी अधिकृत सोय होती तिने मला दारातच अडवलं. आपलं कार्ड या सुविधेस पात्र नाही, असं पडद्यावर आलं. पात्र कार्डांची यादी दिली होती. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. लाभार्थ्यांच्या यादीत नाव नसलेला माणूस खिडकीसमोर कसा उभा राहतो, हे मी रोज खिडकीच्या आतून बघतो. बाहेरून तो कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं.

त्यावर तोडगा होता. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून एक फुकटचं साधन बनवलं आहे. ते गेम आणि कार्ड यांच्या मध्ये बसतं. गेम विचारतो, कार्ड नवीन आहे का? हे साधन सांगतं, हो साहेब, अगदी नवीन. गेम बिचारा विश्वास ठेवतो आणि दार उघडतो. म्हणजे थोडक्यात खोटा रहिवासी दाखला. आयुष्यभर मी दाखले तपासले, आणि पन्नाशी उलटल्यावर सासऱ्यापायी हे करायची पाळी आली. मी दोन मिनिटं मनाशी झगडलो. मग डाऊनलोड केलं.

ते चाललं नाही. गेम उघडायचा, काळा व्हायचा आणि निघून जायचा.

त्या हौशी मंडळींचा एक फोरम आहे, म्हणजे अडचणी विचारायची जागा. मी रीतसर लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनम्रपणे कळविण्यात येते की, इत्यादी. त्याचं मशिनकडून इंग्रजी करून घेतलं आणि टाकलं. चार मिनिटांत उत्तर आलं, लॉग जोडा. लॉग म्हणजे त्या साधनाने स्वतः लिहिलेली रोजनिशी, कुठे अडलं ते त्यात असतं. ती फाईल सापडली. आता, कागद जोडा म्हटल्यावर मला एकच पद्धत माहीत आहे. मी कार्यालयात जाऊन त्रेचाळीस पानांची प्रिंट काढली, प्रत्येक पानावर सही केली, 'सत्यप्रत' लिहिलं, गोल शिक्का मारला, पानं ओळीने स्कॅन केली आणि जोडली.

फोरमवर त्रेचाळीस शिक्के एकाखाली एक उमटले.

मग त्यांचा जो देखरेख करणारा होता, टोपणनावाने वावरणारा कुणी परदेशी गृहस्थ, त्याने लिहिलं की अर्ज नियम क्रमांक तीनप्रमाणे नाही, आधी वर चिकटवलेली सूचना वाचावी, तीत सांगितलेली माहिती भरावी आणि नव्याने सादर करावं. जुना अर्ज त्याने बंद केला. मी भारावून गेलो. सातासमुद्रापार आपल्यासारखाच एक माणूस बसला आहे, त्याला कुणी पगारही देत नाही, आणि तरी तो एवढ्या निष्ठेने अर्ज त्रुटी काढून परत पाठवतो. मी सूचना वाचली, नव्याने सादर केलं. ते पुन्हा परत आलं, कारण याच विषयावर दुसऱ्याचा अर्ज आधीच होता. तिसऱ्यांदा त्या दुसऱ्याच्या अर्जाखाली लिहिलं, तर म्हणे तो अर्ज दोन वर्षं जुना आहे, जुने अर्ज उकरू नयेत.

"तुमच्याच जातकुळीचे दिसून राह्यले," सिंधू म्हणाली.

पण एका पोलंडच्या माणसाने विचारलं, की शिक्क्यातल्या गोल अक्षरांत काय लिहिलं आहे? मी सांगितलं, 'आवक'. त्याला ते अतिशय आवडलं. मग ब्राझीलमधल्या एका शिक्षकाने, ज्याच्याकडे माझ्याच कार्डाचा जुळा भाऊ होता, सगळी त्रेचाळीस पानं वाचली. एकोणचाळिसाव्या पानावर, माझ्या सहीच्या अगदी खाली चूक आहे, असं त्याने कळवलं. शिवाय स्वतः सेटिंगची फाईल तयार करून पाठवली. ना ओळख ना पाळख, ना चहापाणी. मी त्याचे आभार मानणारं पत्र लिहिलं, त्यालाही शिक्का मारला.

बुधवारी संध्याकाळी गाडी चालली. बावीस फ्रेम! मी शंकररावांना हाताला धरून आणलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. चित्र इतकं ताणलं होतं की झाड कुठलं आणि माणूस कुठला हे ज्याचं त्याने ठरवायचं. समोरच्या गाडीची पाटी नुसती पिठूळ पांढरी.

"सिंधे," ते म्हणाले, "डॉक्टरले फोन लाव वं. मोतीबिंदू वापस आला."

मी घाईघाईने चित्र स्पष्ट केलं. त्यासाठी ताणणं कमी करावं लागलं, म्हणून फ्रेम घसरल्या, म्हणून मी ती मधली बनावट चित्रं घालायची सोय सुरू केली. आता गाडी छान पळू लागली. शंकररावांनी पहिला, दुसरा, तिसरा टाकला. त्यांचे खांदे खाली आले. मी सिंधूकडे विजयी मुद्रेने बघितलं. तेवढ्यात राजूरच्या अलीकडे डावीकडून म्हैस आली आणि शंकररावांनी करकचून ब्रेक दाबला. मागच्या विटा सरकल्या.

"ह्या म्हशीले सहा पाय काऊन हायेत?"

खरंच सहा होते. बनवलेल्या चित्रांत असं होतं, हलत्या वस्तूमागे तिची सावली राहते. म्हैस चार पायांनी पुढे गेली होती आणि दोन मागून येत होते. मी ते तंत्र समजावू लागलो. शंकरराव म्हणाले, "जावईबुवा, म्हशीपुढं गाडी थांबवाची असते, हे मले समजते. पन ती म्हैस कधी संपते, हे समजाले पाह्यजे ना. बद्रुद्दीन असता तर मागून सांगतलं असतं त्यानं. त्याची डबल बेल पडल्याबिगर म्या गाडी कधी जागची हालवली नाही." थंडीपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडी ते नाव आलं होतं. पण मी, खरं सांगायचं तर, ते ऐकलंच नाही. मी म्हशीचे पाय मोजत होतो.

गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी मी सेटिंग हलवत बसलो. सहा पायांवरून पाच आणि कधी कधी साडेचार पायांवर आलो. पण कार्ड तापू लागलं. आमच्याकडचा मे म्हणजे पंखाही गरम श्वास सोडतो. कार्डाचा पारा नव्वदच्या वर गेला, की गाडी आपोआप मंदावायची.

तेव्हा भाऊराव आले. भाऊराव विजेच्या खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले. त्यांना विजेतलं सगळं कळतं, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांचं मत वेगळं आहे.

"प्रेमानंदभाऊ, साधी गोष्ट हाय," ते म्हणाले. "रांजनातलं पानी थंड काऊन राह्यते? ओलं पोतं. माठाले पोतं, कूलरले खस, तं मंग ह्यानं काय घोडं मारलं?"

हसू नका. शुक्रवारी दुपारी, त्रेचाळीस अंश उन्हात, कूलरच्या घरघरीत, हे म्हणणं अत्यंत शास्त्रशुद्ध वाटतं. आम्ही पोतं भिजवलं, चांगलं पिळलं आणि कॉम्प्युटरच्या डब्याला तिन्ही बाजूंनी गुंडाळलं. समोर कूलर लावला. पारा खरोखर उतरू लागला. एक्क्याण्णव, शहाऐंशी, ऐंशी. भाऊरावांनी माझी पाठ थोपटली. मी हे ब्राझीलला कळवायला बसलो होतो. अठ्ठ्याहत्तरला पडदा जांभळा झाला, मग त्यावर पिवळे पट्टे आले, मग फट् असा बारीक आवाज आला आणि आमच्या खोलीत लग्नातली फटाक्यांची माळ विझल्यावर येतो तसला वास पसरला.

भाऊराव म्हणाले, "अर्थिंग पाहा तुमची," आणि घरी गेले.

मी डबा पोत्यासकट उचलून मुबीनाच्या दुकानात नेला. तिने पोतं बघितलं. माझ्याकडे बघितलं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनीही बघितलं.

"काका, ये कार्ड है के रांजन?" तिने विचारलं. "पानी कुठून पाजलं ह्याले?"

मी म्हणालो की एका जाणकाराच्या सल्ल्याने केलं. ती म्हणाली, "जानकाराले पहिले गुंडाळाचं होतं." मग तिने डबा उघडला. आत दहा वर्षांची धूळ, मनालीची हरवलेली एक कानातली रिंग आणि पालीची दोन अंडी निघाली. मुबीनाने कार्ड काढून उजेडात धरलं आणि गप्प झाली. डॉक्टर गप्प झाला की माणसाला जसं होतं, तसं मला झालं.

मी तिला सगळं सांगून टाकलं. लायसन, खुर्ची, दांड्यावरचा हात, रविवार. कार्ड गेलं तर दुसरं आणेन, पण रविवारपर्यंत कुठून आणणार, आणि सोमवारी तर ते चाललेच. आधी बढाई मारली तेव्हा माझी अब्रू पणाला लागली होती. पण दुकानात उभा असताना मला अब्रूचं काही वाटत नव्हतं. मला तो दुसरा गिअर दिसत होता.

"दो दिन लागतीन," मुबीना म्हणाली. "सुकवून पाहते. जमलं तर मीच घेऊन येईन. अन् तुम्ही, काका, हात नका लावू. भाऊराव काकाले तर सांगा, की उंबऱ्याच्या आत येऊ नोका."

शनिवारी मी कार्डाची चौकशी करायला चार वेळा गेलो. चौथ्या वेळी तिने दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता, 'काम चालू आहे'. मला तो फार ओळखीचा वाटला.

रविवारी सकाळी साडेदहाला मुबीना आली. कार्ड धुऊन-पुसून, उष्णता ओढणारा नवा लेप लावून, पंख्याला तेल देऊन आणलं होतं. तिने ब्राझीलची फाईल वाचली, "हुशार मानूस हाय," म्हणाली, आणि म्हशीसाठी दोन आकडे बदलले. सिंधूने शिरा केला होता, पाहुण्यांसाठी पन्हं केलं होतं. गल्लीतली पाच-सात माणसं जमली. भाऊराव उंबऱ्याबाहेर उभे होते, ते नियमात बसत होतं.

शंकरराव आतल्या खोलीतून आले. त्यांनी जुना खाकी शर्ट घातला होता. इस्त्री केलेला. तो त्यांनी सोबत आणला होता हे सिंधूलाही माहीत नव्हतं. ते खुर्चीत बसले, आरसा नव्हता तरी आरसा असायच्या जागी बघितलं, स्टेअरिंगवर हात ठेवले.

पडद्यावर मोताळ्याचा स्टँड आला. लाल गाडीचं इंजिन सुरू झालं. पाटीवर 'बुलढाणा' स्वच्छ वाचता येत होतं. कोपऱ्यात आकडा, सेहेचाळीस फ्रेम.

आणि गाडी हललीच नाही.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. मी मुबीनाकडे बघितलं, तिने आकड्याकडे बोट दाखवलं, सेहेचाळीसच होते. पडद्यावरचा झेंडा फडकत होता, माणसं चढत होती, सगळं चालू होतं. अडकलं असेल तर काय अडकलं? मी वाकून वायर हलवली. मुबीनाने माझा हात बाजूला केला. उंबऱ्यापलीकडून भाऊराव म्हणाले, "क्लच पाहा, क्लच," आणि आणखी कुणी म्हणालं, "बंद करून चालू करा." शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "बावाले झेपत नसन हो, उतरवा त्याइले." मी मान खाली घातली. एकोणतीस वर्षांत एक फाईल वेळेवर हलवली नाही, आता ही तरी कशी हलणार.

सिंधू मात्र वडिलांकडे बघत होती. त्यांची पाठ ताठ, नजर समोर, पाय क्लचवर, पहिला गिअर टाकलेला. फक्त मान किंचित तिरकी. ते काहीतरी ऐकत होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काऊन थांबले?"

शंकररावांनी समोरून नजर काढली नाही. "घंटी कुठी पडली?" ते म्हणाले.

मला बुधवारचं त्यांचं वाक्य आठवलं, जे मी म्हशीच्या पायांत ऐकलं नव्हतं. आणि मेहुण्याने सांगितलेला थंडीतला तो दिवस आठवला, जेव्हा देऊळगाव राजाहून फोन आला आणि त्यांनी तो ठेवून नुसतं "बरं" म्हटलं होतं. इतके दिवस मी फ्रेम वाढवत होतो.

माझ्या हातात पन्ह्याचा स्टीलचा ग्लास होता. मी तो घटाघट संपवला, चमचा उचलला, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो आणि दोनदा वाजवला.

टिंग टिंग.

शंकररावांनी क्लच सोडला. गाडी इतकी अलगद निघाली की विटाही सरकल्या नाहीत.

पुढचा पाऊण तास मी खुर्चीमागे उभा होतो. मध्ये एकदा बसायला गेलो तर त्यांनी खांदा हलवला, त्याचा अर्थ मला कळला. राजूरच्या थांब्यावर त्यांनी गाडी उभी केली, म्हातारं माणूस चढेपर्यंत थांबले, मी टिंग टिंग केलं, निघाले. म्हैस आली. पाच पाय होते. त्यांनी गाडी थांबवली, तिला पायांसकट पूर्ण जाऊ दिलं. मी मागून म्हणालो, "संपली." ते म्हणाले, "हाव." मग घाट लागला. तिसऱ्यावरून दुसरा, वळणावर हॉर्न, समोरच्या ट्रकला वाट. उंबऱ्याबाहेरचे भाऊराव कधी आत आले आणि कधी खाली बसले, कळलं नाही. त्यांना कुणी हाकललंही नाही.

बुलढाण्याच्या स्टँडवर शंकररावांनी हँडब्रेक ओढला, हातरुमालाने मान पुसली. मला वाटलं, आता ते चित्राबद्दल काही म्हणतील. सेहेचाळीस फ्रेम, ब्राझील, सत्यप्रत, काहीतरी. ते मागे वळले. माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

"बद्रुद्दीनपेक्षा हलकी वाजोता," ते म्हणाले, "पन टाइमावर वाजोता."

मग डोळ्यांना पुन्हा रुमाल लावला आणि म्हणाले, "नवं ऑपरेशन हाय, पानी येते." कुणी काही विचारलं नव्हतं.

सोमवारी मेहुणा संग्रामपूरहून गाडी घेऊन आला. पिशवी भरलेली होती. शंकरराव आतून ओरडले, आणि ओरडले म्हणजे अगदी पूर्वीसारखे, डेपोला ऐकू जाईल असे. "मले या हप्त्यात जमत नाही. परतीची फेरी बाकी हाय. मास्तर एकटे काय करतीन?"

"कोन मास्तर?" मेहुण्याने विचारलं.

शंकररावांनी माझ्याकडे हनुवटी केली. एस.टी.त ड्रायव्हर आपल्या कंडक्टरला मास्तर म्हणतो. सत्तावीस वर्षं मी जावईबुवा होतो.

मी त्या दिवशी कार्यालयात अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला. कार्यालयात माझा अर्ज पहिल्यांदाच त्रुटीसह परत आला. मी तो घेतलाच नाही, घरी आलो. शंकरराव स्टेअरिंगवर बसून वाट बघत होते.

स्वयंपाकघरातून सिंधूने विचारलं, "अहो, स्टीलचा तो ग्लास कुठी ठेवला? पानी प्याले पाह्यजे."

"दुसरा घे," मी म्हणालो. "तो ड्यूटीवर आहे."